सावडीनं शिकलेली इंग्रजी

"हिंमत ही रक्तात असावी लागते, आणि हिमालयाच्या या अख्ख्या कुशीत ती फक्त आपल्या टाकुरीच्या रक्तात आहे!"

सुबेदार हस्तबहादुर गुरुङनं हे जाहीर केलं तेव्हा तो जसमायाच्या शेणखताच्या ढिगावर उभा होता. उजवा हात वर, छाती पुढं, टोपी तिरकी. मात्र ढिगावर तो काही भाषणासाठी चढला नव्हता. खाली धनलालचा मेंढा उभा होता.

"धनलाल, बांध की लेका त्याला आधी," त्याच दमात, फक्त आवाज खाली आणून सुबेदार म्हणाला.

"काय करत न्हाई त्यो, सायब. तुमास्नी वळकतोय."

"वळकतोय म्हणूनच म्हणतोय!"

धनलालनं मेंढ्याचं शिंग धरून त्याला भिंतीकडं वळवलं, तशी बाया खदाखदा हसल्या आणि पुन्हा खताला लागल्या. चैत लागला होता. आभाळ धुरकटलेलं, समोरचे बर्फाचे डोंगर असून नसल्यासारखे. रानात गुरांसाची झाडं लालबुंद फुलली होती, पण माती हातात घेतली तर नाचणीच्या पिठासारखी भुरभुर उडायची. मका टोचायच्या आधी खत खाचरांत पोचायला हवं होतं. पाठीवर बांबूची टोपली, म्हणजे डोको, डोकोचा पट्टा कपाळावर, आणि पायाखाली वीतभर रुंदीच्या पायऱ्या. सगळी टाकुरी आज जसमायाच्या रानात राबत होती. उद्या हीच टाकुरी धनलालच्या रानात जायची, परवा सुनकेसरीच्या. इथं याला पर्म म्हणतात. आपण सावड म्हणतो. टाकुरीत मजुरी कुणी देत नाही आणि घेत नाही. दिवसाला दिवस. कोण कुणाच्या रानात किती राबलं हे कुणी कुठं टिपून ठेवत नाही, कारण विसरायची सोयच नाही. समोरचा रोज आठवण करून देतो.

जसमाया मात्र ढिगापाशीच उभी राहून डोको भरून देत होती. दोन हिवाळ्यांमागं पाणवठ्याच्या वाटेवर, दव गोठलेल्या पायरीवर घागरीसकट ती घसरली होती. गुडघा बसला तो वाकडाच बसला. पाणी अजूनही तीच आणत होती, सकाळ-संध्याकाळ. फक्त उतरताना आता खेकड्यासारखी आडवी उतरायची. खालच्या बाजारातला डॉक्टर म्हणाला होता, "चढण टाळा." तिथं ती काही बोलली नाही. घरी येऊन हसली. टाकुरीत चढण टाळायची तर चुलीपासून उंबऱ्यापर्यंतच जाता येतं.

हा गुडघा गेला की गाव सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. लेक बाजारात भाड्याच्या खोलीत राहायची आणि दर खेपेला म्हणायची, "आई, ये आता हितंच." जसमाया एकदा राहून आली होती. खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. म्हैस कुठं बांधायची विचारलं तर जावई हसला. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती: पाणी वर आलं पाहिजे. आपण खाली जायचं नाही.

"तर ऐका," मेंढा गेल्यावर ढिगावरून उतरत सुबेदार म्हणाला. "वॉर्डाच्या अध्यक्षानं निरोप दिलाय. पुढल्या शनिवारी समुद्रापलीकडनं एक मंडळ येतंय. डोंगरामागच्या झऱ्यावरून पाइप टाकून गावाला नळ देतं. एकाच गावाला. आपल्याला नाहीतर पलीकडच्या पाखे गावाला."

जसमायाच्या हातातलं फावडं थांबलं.

"पण त्यांची एक अट हाय. गावातल्या एका बाईनं आपले हाल कसे झाले आणि आपण हिंमतीनं ते कसे पार केले, हे सांगायचं. सोताच्या तोंडानं. इंग्रजीत. दुभाषी चालायची न्हाई, कारण दुभाष्याच्या तोंडात हिंमत कमी होते म्हणे."

"आनी ज्या गावाची हिंमत मोठी..." धनलाल म्हणाला.

"त्येला नळ."

सगळ्यांनी जसमायाच्या गुडघ्याकडं बघितलं. अख्ख्या टाकुरीत इतके ठळक हाल दुसऱ्या कुणाकडं नव्हते.

हस्तबहादुर पलटणीतून परतला तेव्हा हवालदार होता, तोही मुदपाकखान्यातला. पण खाली बसमधून उतरून गावापर्यंत चढताना विसाव्याचे तीन चौतारे लागतात, आणि प्रत्येक चौताऱ्यावर दम खाताना त्याला एकेक बढती मिळत गेली. वर पोचला तो सुबेदार होऊनच. गावानं हरकत घेतली नाही. चढण मोठी होती. शिवाय इंग्रजी येणारा तोच एक. साहेबलोकांना अंडी कशी हवीत हे तो तीस वर्षं इंग्रजीत विचारत आला होता.

त्याच दिवशी अक्रोडाच्या झाडाखाली शाळा भरली.

"आधी गोष्ट सांग," सुबेदार म्हणाला. "मग इंग्रजी घालू."

"काय सांगू? पाण्याला गेले, घसरले, गुडघा मोडला."

"मग?"

"मग काय, आले घरी."

"कशी आलीस?"

"बसत बसत."

"आनी घागर?"

"ती फुटली. दुसरी घेऊन दुसऱ्या दिशी गेले."

सुबेदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "जसमाया, यात हिंमत कुटं हाय?"

"मला काय ठावं? पानी कोन आननार व्हतं?"

"असं सांगितलंस तर पाखेवाले नळ घेऊन जातील. गोष्टीत काहीतरी अंगावर यायला पायजे. अंधार, वादळ, जनावर!"

"बिबट्या घ्या की," धनलाल पुढं सरकला. "माझा हाय. गेल्या पौषात माझी बोकडी खाल्ली त्यानं. तवापासून नुसता पडून हाय, कुनाच्या उपेगाला न्हाई आला."

"बिबट्या हिला दिसला व्हता का पन?"

"न दिसू दे. मी देतोय. फक्त बोकडीचं नाव घ्यायला लागंल. काळी व्हती, कपाळावर चांद."

बिबट्या घेतला. बिबट्या घेतल्यावर बाकीच्यांना बसवेना. गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या बज्यैनं आपली दरड दिली. ती तिच्या लग्नाच्या वर्षी कोसळली होती आणि त्यात तिचं जातं गेलं होतं. दिलमानच्या सुनेनं बाळंतपण देऊ केलं. जसमायानं ते नको म्हटलं, कारण बाळंतपण पाणवठ्याच्या पायरीवर, दरडीखाली, बिबट्यासमोर फारच अडचणीचं होईल. सून रुसली. शेवटी बाळंतपणही घेतलं, पण म्हशीचं करून.

आता शब्द. सुबेदार म्हणाला, हिंमतीला इंग्रजीत लई शब्द हायत, त्यातले आठ-नऊ पाठ केले तरी भागंल. "करेज म्हंजी हिंमत. हार्डशिप म्हंजी हाल. ओव्हरकम म्हंजी हालाच्या छाताडावर पाय देऊन पलीकडं जाणं. रेझिलिअन्स म्हंजी..." तो जरा थांबला. पलटणीत अंड्यांच्या संदर्भात हा शब्द कधी आला नव्हता. "म्हंजी वाकून पुन्यांदा उभं ऱ्हाणं. बांबूवानी."

"मंग बांबूच म्हनावं," बज्यै म्हणाली.

जसमायानं खरंच जीव लावला. धार काढताना म्हणायची, नाचणीचा ढिडो घोटताना म्हणायची, पाणवठा उतरताना पायरीगणिक एक शब्द ठेवत जायची. पण घागर भरून वर येताना धाप लागायची आणि ते शब्द त्याच पायऱ्यांवर राहून जायचे. सकाळी सुबेदारानं विचारलं की तिच्याजवळ एखादाच शिल्लक असायचा, आणि तोही अर्धामुर्धा. तिसऱ्या सकाळी ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सायब, मला न्हाई जमत ह्यो बोजा. माझ्यापायी गावाचा नळ जाईल."

धनलाल बाजूला दोर वळत होता. तो साधेपणानं म्हणाला, "खत एकट्यानं वाहतो का आपण?"

"म्हंजी?"

"म्हंजी पर्म लावू. हरेक घरानं एक शब्द सांभाळायचा. त्या दिशी सगळे हिच्या बाजूला उभे ऱ्हाऊ. हिचा गुडघा, हिची गोष्ट. जिथं ज्याचा शब्द लागंल तिथं त्यानं टाकायचा. डोको भरल्यावानी."

"अरे, भाषा हाय ती! खत न्हवं!" सुबेदार ओरडला. "बोलणं एकट्याचं असतं!"

"का म्हनून?" बज्यै म्हणाली. "तुमी पलटणीत एकट्यानंच लढलात व्हय?"

सुबेदारानं टोपी सारखी केली. लढाईचा विषय निघाला की तो नेहमीच नम्र व्हायचा.

शब्दांची वाटणी मात्र खताइतकी सोपी गेली नाही. बज्यैला एकच दात होता म्हणून तिला सगळ्यात मऊ शब्द दिला, होप. आशा. तो तिला दातावर न अडकता म्हणता यायचा. करेज धनलालनं घेतलं, बिबट्या त्याचा होता म्हणून. पर्सिव्हिअरन्स म्हणजे नेटानं लागून राहणं. हा शब्द दिलमान आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्या घराला गेला. पण त्या दोघांची मागच्या दसैंला, म्हणजे दसऱ्याला, वाटणी झाली होती. खाचरं अर्धी-अर्धी, पितळी अर्धी-अर्धी, अंगणाच्या मधून भिंत. शब्द एकट्याकडं ठेवायला कुणीच तयार होईना. शेवटी पंच बसले आणि 'पर्सि' थोरल्याला, 'व्हिअरन्स' धाकट्याला असा निवाडा झाला. थोरल्याची बायको तरी कुरकुरली, धाकट्याचा तुकडा मोठा आहे म्हणून.

ओव्हरकम सुनकेसरीकडं गेलं.

सुनकेसरी म्हणजे जसमायाची शेजारीण. दोघींच्या अंगणात एकच बांध आणि बोलण्यात बाराही महिने एक काटा. शब्द हातात आल्यापासून सुनकेसरीची चालच बदलली. गोठ्यातून, मळ्यातून, घराच्या माळ्यावरून तिचा आवाज यायचा: "ओव्हरकम! ओव्हरकम!" रस्त्यानं जाणारा विचारायचा, "केसरी, शब्द बरा हाय का?" ती म्हणायची, "बरा हाय, आत्ताच बोलला."

अख्खी वाडी अशी झाली होती. सकाळी माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची सोडून शब्दाची विचारायला लागली. कुणी चुकून दुसऱ्याचा शब्द उच्चारला तर भांडण. एकदा रेझिलिअन्स सांभाळणारा माणूस ताप येऊन दोन दिवस पडला, तर घराघरातून त्याला आल्याचा काढा गेला. तसा काढा त्याला टायफॉइडमध्येसुद्धा कुणी दिला नव्हता.

मंडळ यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सुनकेसरी बांधावर येऊन बसली.

"दिदी, एक इचारू?"

"इचार."

"गेल्या साली माझ्या रानात खत टाकायला आलीस. दुपारी उठून गेलीस. अर्धा दिवस ऱ्हायलाय."

"केसरी, गुडघा सुजला व्हता गं. तूच म्हनालीस, जा म्हनून."

"म्या जा म्हनले. अर्धा दिवस सोडला असं न्हाई म्हनले."

"आता उद्यावर मंडळ येऊन ठेपलंय आनी तू..."

"म्या काय म्हनते? आपलं आठवन दिली." आणि जाताना मोठ्यानं, अगदी मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "ओव्हरकम!"

शनिवार उजाडला. सुबेदारानं पहाटेच फर्मान काढलं: आज पाणवठ्याला कुणीही उतरायचं नाही. पायऱ्या चढताना धाप लागते, धापेत शब्द सांडतात, हे जसमायावरून सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. घरातलं होतं नव्हतं ते पाणी अंगण लाल मातीनं सारवायला, भांडी घासायला आणि चहाला गेलं. गुरांसाच्या फुलांच्या माळा झाल्या. म्हशीसुद्धा दारापुढून हलवल्या.

पाहुणे जीपच्या रस्त्यानं, वरच्या अंगानं उतरून आले. पुढं मॉरीनबाई, साठीच्या, उंच, दोन्ही हातांत काठ्या, चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा. मागं त्यांचे दोन सोबती आणि पोखऱ्याहून आलेली प्रतीक्षा नावाची दुभाषी, जिला आज बोलायचं नव्हतं आणि म्हणून ती फार खुशीत होती. माळा घालून झाल्या. चहा झाला, मॉरीनबाईंनी तो दोन घोट घेऊन ठेवला, साखर फार होती. मग सगळे अंगणात बसले आणि जसमाया उभी राहिली.

तिच्या उजव्या-डाव्या बाजूला पायरीपायरीनं अख्खी टाकुरी उभी. तिला फक्त स्वतःपुरतं पाठ होतं: आय, वॉटर, गो, फॉल. मी, पाणी, जाणं, पडणं. खरं सांगायचं तर तिची सगळी गोष्ट तेवढीच होती.

"आय," ती म्हणाली. "आय गो वॉटर."

"हार्डशिप!" डावीकडून दिलमानची सून ओरडली.

मॉरीनबाई दचकल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"आय फॉल." जसमायानं गुडघ्याला हात लावला.

"अ‍ॅडव्हर्सिटी!" वरून आवाज आला.

"लेपर्ड!" धनलाल हात पसरून पुढं झाला. "ब्लॅक गोट! मून!" आणि कपाळावर बोट ठेवून त्यानं चांद दाखवला. मॉरीनबाईंनी हलकेच प्रतीक्षाकडं पाहिलं. प्रतीक्षानं आकाशाकडं पाहिलं.

"करेज!" धनलालनं लगेच आपला खरा शब्द टाकला.

"पर्सि!" थोरला.

"व्हिअरन्स!" धाकटा, भिंतीच्या पलीकडं असल्यासारखा तोंड फिरवून.

मॉरीनबाईंच्या सोबत्यानं कॅमेरा काढला. त्यांना वाटलं हा या डोंगरातला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला गाण्याचा प्रकार आहे. एकीचं दुःख, गावाचा गळा. दरड आली, जातं गेलं, म्हैस व्याली. रेझिलिअन्सवाला अशक्तपणामुळं बसूनच बोलला आणि त्यामुळं ते फारच परिणामकारक झालं. जसमायाला हळूहळू धीर येत होता. नळ तिला दिसायला लागला होता: अंगणाच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, खाली दगड, दगडावर घागर.

"आय," ती शेवटाकडं आली, "आय..." आणि सुनकेसरीकडं पाहिलं.

सुनकेसरी गप्प.

"आय..." जसमाया पुन्हा म्हणाली.

सुनकेसरीनं हाताची घडी घातली आणि डोंगराकडं पाहू लागली.

हाल सगळे सांगून झाले होते. बिबट्या, दरड, पडलेली बाई, सगळे तसेच मध्ये अडकून उभे. पलीकडं न्यायचा शब्द एकट्या सुनकेसरीकडं. सुबेदारानं दातओठ खाऊन खुणा केल्या. बज्यैनं काठी आपटली. सुनकेसरी हलेना.

"केसरी," जसमाया हळू आवाजात म्हणाली. "टाक की गं."

"अर्धा दिवस," सुनकेसरी डोंगरालाच म्हणाली.

"देवाशपथ, आत्ता? पाव्हन्यांम्होरं?"

"पाव्हन्यांम्होरंच. साक्षीला बरं."

"माझा गुडघा बघ गं जरा..."

"गुडघा बघूनच वर्सभर थांबले. माझं खत तसंच वाळून उडालं, दिदी. माझा मका बोटभर ऱ्हायला. ते हाल कुनी गोष्टीत घेतले न्हाईत. धनलालची बोकडी घेतली!"

जसमायानं बांधापलीकडच्या रानाकडं पाहिलं. तिला ते खरंच आठवलं नव्हतं. बिबट्यापासून म्हशीच्या बाळंतपणापर्यंत सगळ्या गावाचे हाल तिच्या डोकोत आले, आणि बांधाला लागून असलेला बोटभर मका मात्र राहून गेला.

"अर्धा न्हाई," ती म्हणाली. "अख्खा दिवस देते. बसून का व्हईना, ढेकळं फोडंन. पन देते."

सुनकेसरीची घडी सुटली. मग तिनं असा काही आवाज काढला की पलीकडच्या पाखेतली कुत्री भुंकली:

"ओव्हरकम!"

"होप," बज्यै मऊ आवाजात म्हणाली, आणि खाली बसली.

मॉरीनबाई रडत होत्या. त्यांचे सोबतीही. मधला भाग त्यांना एक अक्षर कळला नव्हता, पण तोच त्यांना सगळ्यात जास्त भिडला होता. टाळ्या थांबेनात. सुबेदार दोन्ही बाजूंना मान झुकवून त्या स्वीकारत होता.

मग मॉरीनबाई उठल्या आणि प्रतीक्षाला आता बोलायची परवानगी मिळाली. बाई थांबून थांबून सांगत होत्या, प्रतीक्षा मागून सांगत होती.

"बाई म्हणतात, आम्ही इतके देश फिरलो, पण अशी हिंमत पाहिली नाही. शब्द एकेकाचा, हिंमत सगळ्यांची."

टाकुरी ताठ झाली.

"म्हणतात, काल आम्ही पाखेला गेलो होतो. तिथल्या बाईनं एकच वाक्य सांगितलं. म्हणाली, आम्हाला पाणी आणायचा कंटाळा येतो, नळ द्या. दुसरं काहीच सांगेना."

धनलाल खो-खो हसला. "पाखेवाले! त्यांच्यात काय हाय?"

"हेच बाई म्हणतात. त्यांच्याजवळ काहीच नाही. ना हिंमत, ना चिकाटी. म्हणून..." प्रतीक्षा अडखळली. तिनं बाईंना काहीतरी पुन्हा विचारून घेतलं. बाईंनी मोठ्या मायेनं मान डोलावली. "म्हणून नळ पाखेला द्यायचं ठरलंय. त्यांना गरज आहे. तुमच्याजवळ तर सगळंच आहे. आणि नळ आला तर तुमची ही हिंमत कुठं जाईल, अशी बाईंना काळजी वाटते. ती मोडायचं पाप त्यांना नको. पण मंडळ तुमच्या पाणवठ्यावर एक दगड बसवणार आहे. त्यावर तुमचे सगळे शब्द कोरायचे. इंग्रजीत."

सुबेदार टाळ्या वाजवायला लागला होता. हात हवेतच राहिले.

वाऱ्यानं गुरांसाच्या पाकळ्या सारवलेल्या अंगणावरून सरकवत नेल्या. धाकट्यानं थोरल्याकडं पाहिलं, दसैंनंतर पहिल्यांदाच. सुनकेसरी जसमायाजवळ येऊन उभी राहिली आणि तिचा दंड धरला.

"दगड," जसमाया स्वतःशीच म्हणाली. "त्यो तरी खाली कोन नेनार?"

मॉरीनबाईंना वाटलं ही माणसं भारावली आहेत. त्या जसमायाजवळ आल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले. काही बोलायला गेल्या, पण घसा इतका सुकला होता की आवाज फुटेना. चढ-उतार, ऊन, त्यात रडणं. बरोबरच्या बाटल्या वाटेतच संपल्या होत्या. त्यांनी गळ्याला हात लावून प्रतीक्षाच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आई," प्रतीक्षा खालच्या मानेनं म्हणाली, "बाईंना पेलाभर पाणी मिळेल का?"

जसमायानं सुनकेसरीकडं पाहिलं. सुनकेसरीनं दिलमानच्या सुनेकडं. सून घरात जाऊन हंड्यात हात घालून आली आणि तिनं नुसती मान हलवली. धनलालकडं नाही. बज्यैकडं नाही. अख्ख्या टाकुरीत हिंमत तुडुंब होती आणि पाण्याचा थेंब नव्हता.

जसमाया लंगडत घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रिकामी घागर होती आणि डोको. तिनं घागर डोकोत ठेवली, पट्टा सरळ केला, त्यावर साचलेलं खत पदरानं पुसलं आणि तो मॉरीनबाईंच्या कपाळावर नीट बसवून दिला, लेकीला सासरी धाडताना कुंकू सारखं करतात तितक्या हलक्या हातानं. मग पायऱ्यांकडं बोट दाखवलं.

"पानी हाय की, खाली. झाडीतनं सरळ उतरत जा म्हनावं, चुकायची न्हाई. पोटभर प्या." ती उंबऱ्यावर टेकली आणि गुडघा चोळत प्रतीक्षाला म्हणाली, "आनी येवढं सांग पोरी बाईस्नी, येताना घागर तेवढी भरून आना म्हनावं. म्हशीला सकाळधरनं काय पाजलं न्हाई."